मोठ्या डोक्याच्या माशीचं बारसं: नवी स्पीशीज लिहायची म्हणजे काय काय करावं लागतं

पावसाळा संपत आला की कोकणात भाताच्या बांधावरून जाळी फिरवून बघा, तुडतुडे तर ढिगाने येतातच पण त्यांच्यात मधूनच तीन-चार मिलिमीटरची एखादी काळपट माशी निघते जिचं डोकं छातीपेक्षा रुंद आणि ते डोकं म्हणजे नुसते डोळेच, बाकीच्या चेहऱ्याला जागाच उरलेली नाही. ही पिपुनक्युलिडी फॅमिली. मराठीत हिला कोणी वेगळं नाव ठेवलेलं नाही म्हणून मी आपली मोठ्या डोक्याची माशी म्हणते. हिची मादी तुडतुड्याला पकडते, सुरीसारख्या टोकदार अवयवाने त्याच्या अंगात अंडं घालते आणि सोडून देते, मग अळी त्याला आतून खात मोठी होते आणि शेवटी फाडून बाहेर पडून मातीत कोष करते. तुडतुडा अर्थात मरतो. (नेफ्रोसेरस नावाचा एक जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मात्र तुडतुडे सोडून क्रेन फ्लायच्या, म्हणजे लांब पायांच्या डासासारख्या माशीच्या, मागे लागतो, घरोघरी मातीच्या चुली.)

जगात हिच्या 1400 च्या वर स्पीशीज (म्हणजे जाती) लिहिल्या गेल्यात आणि अजून कितीतरी बिननावाच्या पडून आहेत, त्यामुळे तुमच्या हाताला नवी लागणं अजिबात अशक्य नाही. पण लोकांना वाटतं की माशी सापडली, नाव सुचलं, झालं. नाव सुचायला दहा मिनिटं पुरतात हो, ही माशी आधीच कोणीतरी नाव देऊन ठेवलेली नाही हे दाखवण्यात वर्षं जातात आणि खरं काम तेच.

पहिलं म्हणजे नर गोळा करा. एकच मादी मिळाली आणि नवी वाटली तरी तिच्यावर पेपर लिहू नका, डबीत ठेवा आणि लेबलवर जीनसच्या पुढे "स्पीशीज 1" लिहून गप्प बसा. कारण या फॅमिलीत स्पीशीज ओळखायची ती मुख्यतः नराच्या जननांगांवरून, बाहेरून दोन माशा जुळ्या दिसतात आणि आत बघितलं तर पार वेगळ्या. जाळीने मिळतात, मॅलेज ट्रॅप लावला तर जास्त मिळतात (तंबूसारखा असतो तो, माशा भिंतीला धडकून वर चढतात आणि अल्कोहोलच्या बाटलीत पडतात). पण सगळ्यात भारी म्हणजे पोट फुगलेले तुडतुडे पकडून ओलसर माती घातलेल्या बरणीत पाळायचे. वेळ लागतो आणि अर्धे असेच मरतात, पण माशी निघाली तर तिचा होस्ट कोण, म्हणजे ती कोणाला खाऊन वाढली, हे पक्कं कळतं आणि एकाच जातीच्या तुडतुड्यातून नर-मादी दोन्ही निघाले तर जोडी लावायलाही मदत होते, नाहीतर नर एका नावाने आणि मादी दुसऱ्या नावाने असे घोळ होतात. हल्ली जोडी डीएनए बारकोडनेही लावतात, एक पाय काढून द्यायचा, सीओआय जीनचा साधारण 658 बेसचा तुकडा वाचून घ्यायचा आणि जुळवून बघायचा. रिझर्व्ह फॉरेस्ट किंवा अभयारण्यात जाळी फिरवायची तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, नंतर नाही.

आता वाळवणं. इथे मी स्वतः पहिल्या वर्षी माती खाल्ली. अल्कोहोलमधून काढून माशा तशाच टिश्यूपेपरवर सुकत ठेवल्या आणि सकाळी बघते तर सगळ्यांची डोकी मनुक्यासारखी आत गेलेली. डोकं म्हणजे डोळेच असल्यावर दुसरं काय होणार. तर एचएमडीएसमधून (पटकन उडून जाणारं एक रसायन) काढून सुकवा किंवा क्रिटिकल पॉइंट ड्रायर (नमुना न आकसता वाळवणारं यंत्र) असलेली लॅब शोधा, मग कागदाच्या त्रिकोणी टोकावर चिकटवा. आणि सगळंच अल्कोहोलमध्ये ठेवूनही चालत नाही, कारण अंगावरची राखाडी धूळ असते ना, पोटाच्या कोणत्या पट्ट्यावर आहे, किती आहे, ती ओल्या माशीत दिसतच नाही आणि वर्णनात ती लागतेच.

मग जीनस लावा. पंख बघायचे. पंखाच्या पुढच्या कडेला एका तुकड्यात तपकिरी रंग भरलेला असतो त्याला टेरोस्टिग्मा म्हणतात, टोमोस्वारिएलामध्ये तो नसतो, यूडोरायलासमध्ये असतो. पिपुनक्युलसमध्ये मधल्या शिरेला एक जास्तीचा फाटा निघतो. कॅलॅरसमध्ये पंखाच्या मधला मोठा कप्पा उघडाच राहतो, बंद करणारी आडवी शीर नाही, त्यामुळे तो एका नजरेत कळतो. बाकी अँटेनाच्या तिसऱ्या भागाचा आकार, मांड्यांखालचे छोटे काटे, मादीच्या सुरीची लांबी आणि तिच्या बुडाशी असलेलं प्रमाण, हे सगळं मोजून वहीत लिहा, लक्षात राहील म्हणू नका.

नराचं पोटाचं टोक कापायचं आणि 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकायचं. रात्रभर थंडच ठेवलं तरी चालतं, गरम करायचं तर समोरून हलायचं नाही (मी चहा घ्यायला गेले होते, परत आले तर नुसता पारदर्शक पडदा उरला होता, आणि तो सेटमधला एकुलता एक नर होता). मग ॲसेटिक ॲसिडच्या थेंबात धुवायचं, ग्लिसरिनमध्ये घेऊन चित्र काढायचं. सर्स्टायलाय म्हणजे टोकाच्या दोन चिमट्यासारख्या पाकळ्या वरून बघायच्या, बऱ्याच यूडोरायलासमध्ये डावी-उजवी सारखी नसते तेव्हा दोन्ही काढा. काम झालं की तो तुकडा ग्लिसरिनच्या इवल्याशा नळीत घालून त्याच माशीच्या टाचणीला लावा. वेगळ्या डबीत ठेवला की हरवलाच समजा.

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग, जुन्यांशी तुलना. आपल्याकडच्या पिपुनक्युलिडी ब्रुनेट्टी नावाच्या कीटकतज्ज्ञाने 1923 साली फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया या प्राण्यांवरच्या ग्रंथमालेच्या खंडात लिहून ठेवल्यात, पण त्या काळच्या वर्णनात "काळी, पाय पिवळट, पंख स्वच्छ" असलं काहीतरी असतं आणि त्यात दहा स्पीशीज आरामात बसतात. म्हणून मूळ नमुना, म्हणजे टाइप, म्युझियममध्ये जाऊन बघायचा नाहीतर मेल टाकून त्याचे फोटो मागायचे आणि उत्तराची वाट बघायची. नुसता भारतही पुरत नाही, श्रीलंका, थायलंड, चीन, फिलिपिन्समधल्याही बघाव्या लागतात कारण भातावरचे तुडतुडे आशियाभर आहेत आणि त्यांच्या माशांनी सीमा कशाला पाळायच्या. एवढं करून निम्म्या वेळा कळतं की आपली "नवी" माशी जुनीच आहे. वाईट वाटतं, पण नवीन नोंद म्हणून ती छापता येते.

खरंच नवी निघाली तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला बांधलेलं असतं तो, म्हणून निवडा, शक्यतो धडधाकट नर, बाकीचे पॅराटाइप. प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे, तिच्यानुसार ही नवी स्पीशीज आहे असं स्पष्ट लिहावं लागतं, होलोटाइप कोणता आणि तो कोणत्या संग्रहात आहे तेही, आणि इतरांपासून वेगळं कसं ओळखायचं ते शब्दांत. नुसता सुंदर फोटो चालत नाही. आपल्याकडे जैवविविधता कायदा 2002 चं कलम 39 आहे, नव्या स्पीशीजची खबर सरकारने नेमलेल्या संस्थेला द्यायची आणि नमुना तिथे जमा करायचा, म्हणजे घरच्या कपाटात होलोटाइप ठेवायचा नाही. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं एक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, आधीच जाऊन बोलून या. जर्नल फक्त ऑनलाइन निघत असेल तर छापायच्या आधी झूबँकवर (प्राण्यांच्या नावांची ऑनलाइन नोंदवही) रजिस्टर करा आणि तो नंबर पेपरात टाका, नाहीतर नाव धरलंच जात नाही. आणि तोपर्यंत इन्स्टावर नाव फोडू नका.

आता नाव. ते लॅटिन अक्षरांत लागतं, देवनागरी नाही, आणि अक्षरांवर टिंबं-रेघा नाहीत. गावावरून ठेवायचं तर "एन्सिस" लावलं की काम होतं, कोकणेन्सिस वगैरे. विशेषण ठेवलं तर ते जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं, माइगेन या जर्मन कीटकतज्ज्ञाने 1824 मध्ये पिपुनक्युलस सिल्वाटिकस लिहिलेली माशी पुढे टोमोस्वारिएलात गेली आणि सिल्वाटिका झाली, कारण टोमोस्वारिएला स्त्रीलिंगी. तेव्हापासून माइगेनचं नाव आणि साल कंसात लिहितात, म्हणजे जीनस बदललाय हे कळतं. माणसाच्या नावाला मात्र हा त्रास नाही, पुरुष असेल तर शेवटी आय, बाई असेल तर एई, जीनस कुठलाही असो. ऑस्ट्रेलियातल्या एका सोनेरी पोटाच्या हॉर्सफ्लायला बियॉन्सेचं नाव दिलंय ते असंच, बियॉन्सेई. स्वतःचं नाव द्यायला नियमात बंदी नाही, पण लोक हसतात. आणि त्याच जीनसमध्ये तेच नाव आधी कोणी वापरलंय का ते कॅटलॉगमध्ये बघाच.

पेपर स्वीकारला की प्रूफ येतं. तेव्हा आकडे-चित्रं नंतर, आधी नाव प्रत्येक पानावर एकच स्पेलिंगने आहे ना ते बघा. छापून झाल्यावर मूळ स्पेलिंग सहसा बदलता येत नाही, एक अक्षर गळलं तर ते माशीला कायमचं चिकटतं. मी घरच्यांना समोर बसवून अक्षर अक्षर मोठ्याने वाचायला लावते, कुर्रर्र त्यानंतर.