ओसीटी वाचताना जाडीचा आकडा शेवटी पाहा

ओल्या एएमडीच्या (वयोमानानुसार होणारा मॅक्युलाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा ऱ्हास; ओल्या प्रकारात तिथे द्रव गळतो) रुग्णांचे ओसीटी (पडद्याच्या थरांचे छेद दाखवणारे स्कॅन) काढायला आणि वाचायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहितेय.

रिपोर्टवर मधल्या 1 मिलिमीटर वर्तुळाची सरासरी जाडी ठळक दिसते. सरासरीत द्रवाचा छोटा कप्पा सहज लपतो. पडदा झिजत असेल, तर द्रव वाढूनही आकडा जागचा हलत नाही. त्यात आरपीईचा (पडद्याखालच्या रंगद्रव्य-पेशींचा) थर उचललेला असला की मशीन थरांच्या रेषा अनेकदा चुकीच्या ओढतं. म्हणून मी आधी सगळे छेद एकेक करून पाहते.

द्रव आहे की नाही याइतकंच तो कुठे आहे हेही महत्त्वाचं. पडद्याच्या आतला द्रव दृष्टीला जास्त घातक. पडद्याखालचा थोडा द्रव काही वेळा चालवून घेता येतो: 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लुइड अभ्यासात मध्यबिंदूखाली 200 मायक्रॉनपर्यंत असा द्रव राहू दिला, तरी दोन वर्षांनी दृष्टीत लक्षणीय फरक पडला नव्हता. आणखी एक फसवं चित्र म्हणजे बाहेरच्या थरातली चकचकीत कडेची गोल पोकळी. ती गळती नव्हे, झीज झालेल्या पेशींनी केलेली नळी असते आणि गळती रोखण्यासाठी डोळ्यात देतात त्या इंजेक्शनने जात नाही. हा फरक ओळखायला शिकण्यात घालवलेला वेळ सत्कारणी लागतो, कारण सुरुवातीच्या मासिक इंजेक्शनांनंतर पुढचं अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवायचं की कमी करायचं, हे बरंचसं याच चित्रांवर ठरतं.

तुलना करायची तर छेद त्याच जागेचा हवा. मशीनमधला फॉलो-अप मोड दरवेळी वापरा. मधली नजर गेलेल्या रुग्णाला मशीनच्या आतला दिवा दिसतच नाही, त्याला 'दिव्याकडे बघा' म्हणून उपयोग नाही. दुसऱ्या डोळ्यासमोर बाहेरचा दिवा धरा. चित्र अंधुक आलं तर आधी डोळ्यांची उघडझाप करायला सांगा, बरेचदा तेवढ्यानेच सुधारतं.

ओसीटी कोरडा असला तरी फंडस (डोळ्याचा आतला मागचा भाग) पाहिल्याशिवाय निर्धास्त होऊ नका, ताजा रक्तस्राव तिथे जास्त स्पष्ट दिसतो. आणि ज्या डोळ्यावर उपचार चालू नाहीत त्याचाही स्कॅन घ्या. त्याला धोका असतोच, आणि एक डोळा नीट दिसत असताना दुसऱ्यातला बदल रुग्णाच्या लक्षातही येत नाही.