मुंग्यांना गुळाचं आमिष

पावसाळा लागला की कोल्हापुरात गुळाच्या डब्याभोवती मुंग्यांची रांग ठरलेलीच. खडूच्या रेघा मारून त्या फक्त वाट बदलतात. त्यापेक्षा गूळच त्यांच्यावर उलटवा.

दीड वाटी कोमट पाण्यात अर्धी वाटी गूळ आणि दीड चहाचा चमचा टाकणखार (बोरॅक्स, सोनार डाग देताना वापरतात तोच) विरघळवा. कापसाचे बोळे त्यात भिजवून बाटलीच्या झाकणात, रांगेच्या कडेला ठेवा. पहिले एक-दोन दिवस मुंग्या उलट वाढतील, बोळा नुसता वळवळेल. मारायच्या नाहीत, फडकंही फिरवायचं नाही. बिळात नेऊन राणीला भरवू द्या. म्हणूनच टाकणखार वाढवू नका, नाहीतर वाटेतच मरतात.

पोरं-मांजरं मात्र लांब ठेवा. मुंग्यांनी गोडाला तोंड लावलं नाही, तर शेंगदाण्याच्या कुटात चिमूटभर टाकणखार कालवून बघा.