रिसेप्शनवर नोकरी विचारायला आलेल्याशी काय बोलावं, काय टाळावं

रिसेप्शनवर नव्याने बसणाऱ्याला फोन जोडून द्यायला शिकवतात, व्हिजिटर रजिस्टर दाखवतात. नोकरी विचारायला आलेल्याशी काय बोलायचं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. आणि प्रकरण तक्रारीपर्यंत गेलं, तर काउंटरवरचं बोलणं कंपनीच्याच नावावर मांडलं जातं.

जाहिरातीत आहे ते सगळं बिनधास्त सांगा: पद, मुदत, अर्ज कुठे द्यायचा. पगार छापलेला असेल तर तोच आकडा, नसेल तर "एचआर सांगेल".

खरा घोळ होतो तो "जागा आहे का?" या साध्या प्रश्नावर. कटकट नको म्हणून एकाला "भरती बंद आहे" सांगितलं आणि तासाभराने दुसऱ्याच्या हातात फॉर्म ठेवला. दोघांच्या वयात, लिंगात, धर्मात किंवा वर्णात फरक असेल, तर भेदभावाची तक्रार व्हायला एवढं पुरतं. म्हणून चालू जागांची तारीख घातलेली यादी एचआरकडून दर आठवड्याला मागून घ्या आणि येईल त्याला तीच वाचून दाखवा. यादी जुनी वाटली तर विचारून मगच उत्तर द्या.

"साहेबांना तरुण मुलगीच हवीय, उगाच वेळ घालवू नका" हे भलेपणाने सांगितलं जातं आणि तेच पुढे पुरावा ठरतं. अमेरिकेत 1967 पासून चाळिशीपुढच्या उमेदवारांना वयावरून डावलण्याविरुद्ध कायदा आहे. "तुमचं काम झालंच समजा" हेही नको; त्या भरवशावर माणूस हातातली नोकरी सोडतो.

वेळ जावा म्हणून "लग्न झालंय का? मुलं कोण सांभाळतं?" असं विचारू नका. आजार, अपंगत्व यांबद्दल तर मुळीच नाही: नोकरी देऊ करण्याआधी ते विचारायला अमेरिकेत 1990 च्या कायद्याने बंदी आहे. मात्र उमेदवाराने स्वतःहून व्हीलचेअरची वाट किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी मागितला, तर "आमच्याकडे तशी सोय नाही" म्हणायचा अधिकार तुमचा नाही. मागणी लिहून घ्या, त्याच दिवशी एचआरला द्या.

बायोडेटावर चिठ्ठी लावायची सवय वाईट. "जाड", "बोलीत गावठीपणा" असले शेरे फाइलसोबत वर्षानुवर्षं राहतात, आणि युरोपीय संघात 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याखाली उमेदवार स्वतःच्या माहितीची प्रत मागू शकतो, शेऱ्यांसकट. मिळाल्याची तारीख आणि कुणाकडे दिला, एवढंच लिहा. अर्ज खणात पडू देऊ नका, फाडूही नका. अमेरिकेत 15 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला तो किमान एक वर्ष ठेवावा लागतो.

किती जण आले, कोण आले, अमक्याला का नाकारलं, यातलं काहीच तुमच्या तोंडून जाऊ नये. रजिस्टर उघडं ठेवलं तर पुढचा माणूस सही करताना आधीची नावं वाचतोच, तेव्हा उमेदवारांसाठी सुट्या स्लिपा बऱ्या. आणि "आमचा अमुक तुमच्याकडे मुलाखतीला आलाय का?" असा फोन आला, तर हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. फोन थेट एचआरला जोडा.