फ्रेंचमध्ये ‘म्हणे’ कसं म्हणायचं

‘ल मिनिस्त्र आ देमिस्योने’ म्हणजे मंत्र्यांनी राजीनामा दिला. ‘आ’च्या जागी ‘ओरे’ आलं की त्यांनी राजीनामा दिल्याचं नुसतं कळतं. बातमीदार ऐकलेलं पुढे सांगतो, खरंखोटं अंगावर घेत नाही. भाषांतर करताना इथे हमखास ‘दिला असता’ लिहिलं जातं, कारण संकेतार्थाचं रूपही हेच. म्हणून आधी ‘सी’ (जर) किंवा दुसरी एखादी अट शोधा. अट सापडली तर ‘असता’. ती नसेल आणि आसपास ‘सलों’ (‘-नुसार’) दिसत असेल, तर ऐकीव. मात्र ‘सलों म्वा’ (माझ्या मते) याला हे ऐकीव रूप जोडू नका. स्वतःचं मत कुणी कानावर आलं म्हणून सांगत नाही.

हा वृत्तपत्री थाट गप्पांमध्ये जड वाटतो. तिथे ‘इल पारे किल ए मालाद’ म्हणा: तो आजारी आहे असं ऐकलं. किंवा वाक्य सरळ बोलून शेवटी ‘पारेतिल’ लावा, ‘इल ए मालाद, पारेतिल’. आपलं ‘म्हणे’ही बहुतेकदा तिथेच बसतं.

‘इल साँब्ल क’ दिसायला याचं भावंड, पण ते ऐकीव नाही, अंदाज आहे. त्यापुढे सहसा सब्जंक्टिव्ह (शंका, इच्छा दाखवणारं क्रियापदाचं रूप) येतं: ‘इल साँब्ल किल स्वा मालाद’. मध्ये ‘म’ (मला) घातला की बोलणारा स्वतः मत देतो आणि क्रियापद साध्या रूपात परततं: ‘इल म साँब्ल किल ए मालाद’. परीक्षेत इथेच गुण जातात.

खुणा पाहून तर्क करायचा असेल तर ‘द्व्वार’ हे क्रियापद. खुंटीवरचा कोट गायब दिसला: ‘इल आ द्यू पार्तीर’, तो गेला असावा. पण याचाच दुसरा अर्थ ‘त्याला जावं लागलं’, तेव्हा संदर्भ बघितल्याशिवाय भाषांतर करू नका.

‘साँ दुत’ म्हणजे बहुधा. शब्दशः ‘निःसंशय’ वाटतं, पण त्यासाठी ‘साँझ ओक्यँ दुत’ लागतं. ‘साँ दुत’ वाक्याच्या सुरुवातीला आलं तर लेखी भाषेत कर्ता क्रियापदामागे जातो: ‘साँ दुत व्यँद्रा-तिल’, तो बहुधा येईल. मधला ‘त’ दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. उलटापालट नको असेल तर ‘साँ दुत किल व्यँद्रा’ म्हणा; बोलण्यात हेच सोपं.

विशेषणाची जागाही खात्री कमीजास्त करते. ‘अँ सेर्तँ स्युक्से’ म्हणजे बऱ्यापैकी यश, ‘अँ स्युक्से सेर्तँ’ म्हणजे निर्विवाद यश. समीक्षा वाचताना हे निसटलं तर बेताचं चाललेलं नाटक गाजलेलं ठरतं.