कास पठाराचा फुलोरा : पुण्याहून जाण्याचा बेत कसा आखावा

कास पठारावरून हिरमुसून परतलेल्या पुणेकरांशी बोलताना बहुतेक वेळा एकच गोष्ट लक्षात येते : त्यांनी रविवार आधी ठरवलेला असतो आणि फुलांचा विचार नंतर केलेला असतो. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंचीवर पसरलेले हे पठार आपल्या सुट्ट्यांकडे पाहून फुलत नाही, त्याचे सारे वेळापत्रक पावसाच्या हाती असते. त्यामुळे ज्यांना तेथील फुलोरा खरोखर पाहायचा आहे, त्यांनी एका तारखेला अडून न बसता दोन-तीन पर्यायी तारखा मोकळ्या ठेवाव्यात आणि शक्य असेल तर साताऱ्यात एक रात्र मुक्काम करावा. बाकीची सर्व तयारी या निर्णयानंतर सोपी होते.

तारखेचा एवढा विचार का करायचा, हे समजण्यासाठी पठाराची घडण थोडी समजून घ्यावी लागते. येथे बेसॉल्टच्या थरांवर जांभ्या खडकाचे कठीण आवरण आहे आणि त्यावरील मातीचा थर बहुतेक ठिकाणी अगदी पातळ आहे. पावसाळ्यात पाणी खडकावर साचून राहते, आणि पाऊस गेला की तोच खडक काही दिवसांत कोरडा ठणठणीत होतो. मोठ्या झाडांना येथे मुळे रोवता येत नाहीत. मात्र रुजणे, वाढणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे तीन-चार महिन्यांत उरकणाऱ्या लहान वनस्पतींना ही जागा मानवते. मातीत पोषकद्रव्ये कमी असल्यामुळे काही वनस्पतींनी कीटकांवर गुजराण करण्याचा मार्ग स्वीकारला आहे. जांभळ्या रंगाची ‘सीतेची आसवे’ दिसायला अतिशय नाजूक असली, तरी ओल्या मातीत दडलेल्या तिच्या सूक्ष्म पिशव्या पाण्यातील बारीक जीव शोषून घेतात, आणि ‘दवबिंदू’ आपल्या पानांवरील चिकट केसांत कीटकांना अडकवतो. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा त्यातील निवडक स्थळांमध्ये कोयना, चांदोली आणि राधानगरी यांच्याबरोबर कास पठाराचाही समावेश झाला, तो या दुर्मीळ वनस्पतिजीवनामुळेच.

फुलोरा एका दिवशी सुरू होऊन एका दिवशी संपत नाही; तो टप्प्याटप्प्याने सरकत जातो. पहिल्या पावसानंतर जून-जुलैमध्ये साप-कांदा, दीपकाडी यांसारखी कंदवर्गीय फुले येतात, परंतु त्या काळात पठारावर धुके आणि जोरदार पाऊस असल्यामुळे ती पाहण्याचे भाग्य जाणकारांच्याच वाट्याला येते. डबक्यांमध्ये उगवणारा वायतुरा हा येथील खास रहिवासी असून त्याच्या शास्त्रीय नावातच साताऱ्याचा उल्लेख आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धात गेंदाची पांढरी बोंडे आणि सीतेची आसवे दिसू लागतात. सप्टेंबरमध्ये तेरड्याचा गुलाबी रंग पसरतो, आणि पिवळ्या पाकळ्यांवर लाल ठिपके असलेले, लोकांनी प्रेमाने ‘मिकी माउस’ म्हणून ओळखलेले स्मिथियाचे फूल उमलते. महिन्याच्या अखेरीकडे सोनकीचा पिवळा रंग वरचढ होतो आणि पाणी साचलेल्या जागी जांभळ्या मंजिरीचे पट्टे उठून दिसतात. टोपली कारवीचा सामूहिक बहर मात्र काही वर्षांच्या अंतराने येतो, सर्वसाधारणपणे सात वर्षांनी असे सांगितले जाते, आणि त्या वर्षी गर्दीही नेहमीपेक्षा कितीतरी अधिक असते. सर्व रंगांचे एकत्र दर्शन घडण्याची शक्यता सप्टेंबरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यांत सर्वाधिक असते. पाऊस लवकर किंवा उशिरा सुरू झालेल्या वर्षी मात्र हा काळ त्या प्रमाणात मागेपुढे सरकतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही आपली म्हण येथे शब्दशः धरण्याचे कारण नाही, तरी बहराचा ऐन काळ थोडकाच असतो, हे ध्यानात ठेवावे.

पुणेकरांचा खरा गोंधळ होतो तो गणेशोत्सवामुळे. अनेकांच्या मनात ‘गणपती झाले की कास’ असे समीकरण पक्के बसलेले असते, पण सण तिथीप्रमाणे येतो आणि फुले पावसाप्रमाणे. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, त्यामुळे विसर्जनानंतर ऐन बहराचे दिवस हाती उरले. २०२६ मध्ये अधिक मासामुळे ती १४ सप्टेंबरला येते आणि अनंत चतुर्दशी थेट २५ सप्टेंबरला. अशा वर्षी विसर्जनाची वाट पाहत राहिल्यास हंगामाचा उत्तम भाग निसटून जाण्याची शक्यता असते. ज्यांच्या घरी दीड दिवसाचा किंवा गौरींबरोबर जाणारा गणपती असतो, त्यांनी उत्सवाच्या उरलेल्या दिवसांतील एखादा कामकाजाचा वार निवडावा, आणि ज्यांचा गणपती दहा दिवसांचा आहे, त्यांनी चतुर्थीच्या आधीचा आठवडा पाहावा. अनंत चतुर्दशीच्या दिवशी मात्र पुण्याबाहेरून परत येण्याचा बेत करू नये, कारण मिरवणुकीमुळे मध्यवस्तीतील रस्ते बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते.

वार शक्यतो मंगळवार ते गुरुवार यांपैकी असावा. शनिवार-रविवारी आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत पठारावरील पायवाटांवर माणसांची रांग लागते. अशा गर्दीत एखाद्या बोटभर फुलापाशी दोन मिनिटे थांबणेही मागच्या माणसाला अडचणीचे वाटू लागते. शाळकरी मुलांमुळे रविवारच शक्य असेल, तर सकाळची पहिली वेळ घ्यावी. हवामानाचा अंदाज पाहताना केवळ पाऊस आहे की नाही एवढेच पाहू नये. चांगला पाऊस होऊन गेल्यानंतर उघडीप मिळालेला दुसरा-तिसरा दिवस सर्वांत चांगला, कारण जमिनीत ओल असते आणि उन्हामुळे फुले पूर्ण उमललेली असतात. आठवडाभर कोरडे ऊन पडले असेल, तर पातळ मातीवरील फुले मलूल होऊ लागतात. निघण्यापूर्वी दोन दिवस आधी साताऱ्यातील एखाद्या परिचिताला किंवा जेथे मुक्काम करायचा आहे त्या ठिकाणी फोन करून परिस्थिती विचारणे हा अंदाजापेक्षाही भरवशाचा मार्ग आहे.

पठारावरील प्रवेशाची व्यवस्था वन विभाग आणि परिसरातील गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती मिळून पाहतात. हंगामात दररोज किती लोकांना प्रवेश द्यायचा यावर मर्यादा असते, नोंदणी ऑनलाइन करता येते, आणि तिकिटावर येण्याची वेळ दिलेली असते. शुल्क आणि वेळा दर हंगामात बदलू शकतात, म्हणून मागच्या वर्षी कोणी सांगितलेल्या आकड्यांवर विसंबून न राहता अधिकृत संकेतस्थळावर चालू हंगामाची माहिती पाहावी. सुट्टीच्या दिवसांची तिकिटे लवकर संपतात. तिकिटाची प्रत कागदावर काढून घ्यावी किंवा मोबाइलमध्ये साठवून ठेवावी, कारण घाट चढल्यानंतर नेटवर्क सर्वत्र मिळेलच असे नाही. काही रोख रक्कमही जवळ असू द्यावी.

पुणे ते सातारा हे अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांनी पहाटे लवकर निघून खेड शिवापूरचा टोलनाका आणि खंबाटकी घाट गर्दीपूर्वी ओलांडावा. वाहन नसलेल्यांसाठी स्वारगेटहून साताऱ्याला एसटीच्या गाड्या वारंवार सुटतात, आणि सातारा बसस्थानकावरून कास-बामणोलीकडे जाणारी एसटी मिळते. तिच्या फेऱ्या मोजक्या असल्याने परतीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून ठेवावी. रेल्वेने जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की सातारा स्थानक माहुलीला, शहरापासून काही अंतरावर आहे. शहरातून समर्थ मंदिराच्या बाजूने यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जावे लागते. हा रस्ता अरुंद आणि वळणांचा असून पावसाळ्यात त्यावर दाट धुके उतरते, म्हणून घाटाची सवय नसलेल्याने तेथे प्रथमच गाडी चालवण्याचे धाडस करू नये. इंधन साताऱ्यातच भरून घ्यावे. गर्दीच्या दिवसांत वाहने पठारापासून दूर उभी करावी लागतात आणि तेथून पुढे प्रवेशद्वारापर्यंत बसने नेले जाते. त्यासाठी वेळेचा थोडा अवकाश राखून ठेवावा.

एका दिवसात जाऊन येणे शक्य आहे आणि बहुसंख्य लोक तसेच करतात. तरीही मुक्कामाचा आग्रह धरण्याचे कारण असे की पुण्याहून पहाटे निघालेला माणूस पठारावर पोहोचेपर्यंत दमलेला असतो, आणि परतीच्या रहदारीची काळजी त्याला दुपारपासूनच लागते. साताऱ्यात रात्र काढणाऱ्याला सकाळी तासाभरात वर पोहोचता येते, आणि समजा त्या वेळी धुके असेल, तर ते विरळ होईपर्यंत निवांत थांबता येते. यवतेश्वर ते कास या पट्ट्यातही राहण्याची ठिकाणे आहेत. त्यांपैकी स्थानिक कुटुंबांनी चालवलेली घरगुती ठिकाणे निवडावीत, असे मी आवर्जून सुचवीन. पिठले-भाकरीचे गरम जेवण मिळते आणि पैसा ज्या गावांनी हे पठार सांभाळले आहे त्यांच्याकडे जातो.

सामानाची फार जमवाजमव करावी लागत नाही. ओल्या जांभ्यावरून चपला घसरतात, म्हणून चांगल्या पकडीचे बूट घालावेत. पठारावर वारा जोराचा असल्यामुळे छत्री उलटते. रेनकोट सोयीचा पडतो. ज्येष्ठांसाठी काठी, सर्वांसाठी कापडी टोपी, घरची पाण्याची बाटली आणि कोरडा खाऊ एवढे पुरेसे आहे. कचरा टाकण्यासाठी एक पिशवी घ्यावी आणि ती भरून पुण्याला परत आणावी. सर्वांत उपयोगी वस्तू बहुतेक जण नेत नाहीत, ती म्हणजे साधे भिंग. येथील पुष्कळ फुले नखाएवढी किंवा त्याहूनही लहान असतात. दवबिंदूच्या पानावरील चकाकणारे थेंब किंवा गेंदाच्या एका बोंडातील असंख्य सूक्ष्म फुले भिंगातून पाहिल्यावर मुले हरखून जातात, आणि मोठेही.

पठारावर पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे प्रशिक्षित स्थानिक मार्गदर्शक बरोबर घेणे. दूरवर पसरलेला रंगीत गालिचा पाहण्याच्या अपेक्षेने आलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात थोडी निराशा वाटू शकते, कारण छायाचित्रांत दिसणारे ते दृश्य ठरावीक जागी आणि ठरावीक दिवसांतच असते. मार्गदर्शक सोबत असेल तर तो पायाशी असलेले जग उलगडून दाखवतो : हबे आमरीचे पांढरे तुरे गवतात कोठे शोधायचे, निळसर आभाळी कोणत्या खडकाच्या कडेला असते, एखादे कंदीलपुष्प कोठे दडले आहे. किमान दोन-अडीच तास राखून ठेवावेत. चालण्याची वाट मोठ्या चढाची नाही, त्यामुळे साठी-सत्तरीतील आजी-आजोबांनाही हळूहळू चालत ती करता येते. मात्र गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी पहिल्या भागातच रमावे आणि सर्व ठिकाणे पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. ज्यांचे पाय खणखणीत आहेत, त्यांनी जुन्या राजमार्गाने कुमुदिनी तळ्यापर्यंत जाऊन यावे. पांढऱ्या, झालरदार पाकळ्यांच्या कुमुदिनीने भरलेले ते तळे पाहण्यासाठी जाऊन-येऊन आणखी दीड-दोन तास हाताशी हवेत.

वाट सोडून आत जाऊ नये, हा नियम सर्वांना माहीत असतो आणि छायाचित्राच्या मोहापायी तोच सर्वाधिक मोडला जातो. इतक्या पातळ मातीत पडलेले एक पाऊल केवळ समोरचे फूल चिरडत नाही, तर माती दाबून टाकते आणि पुढील वर्षी रुजणारे बी तेथे अडते. फुलांमध्ये बसून किंवा आडवे पडून छायाचित्र काढणाऱ्याला मोठ्यांनी नम्रपणे थांबवावे. मुले ते पाहत असतात आणि तेवढ्यावरूनच शिकतात. फूल तोडू नये, रोप उपटून घरच्या कुंडीसाठी नेऊ नये. जांभ्यावरील ही रोपे कुंडीत जगत नाहीत. गुरे चरताना दिसली तर कोणी बिचकू नये. येथील गावांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या या पठारावर चरत आली आहेत, आणि चराईमुळे उंच गवत आटोक्यात राहून लहान फुलांना ऊन मिळते, असे गावकरी सांगतात. मला त्यांचे म्हणणे पटते.

पठार पाहून झाल्यावर हाताशी अर्धा दिवस असेल, तर पुढे बामणोलीला जाऊन कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा काठ पाहता येतो. ठोसेघरचा धबधबा आणि सज्जनगड साताऱ्याहून वेगळ्या रस्त्यावर आहेत, म्हणून ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवावेत. एकाच दिवसात हे सारे कोंबल्यास प्रत्येक ठिकाणी केवळ उतरणे आणि पुन्हा गाडीत बसणे एवढेच होते. कंदी पेढे परतीच्या वाटेवर साताऱ्यात घ्यावेत.

रविवारी परतणार असाल, तर दुपारी तीनपूर्वी सातारा सोडावा, कारण संध्याकाळनंतर खेड शिवापूरपासून नवले पुलापर्यंत वाहनांच्या रांगा लागतात. ते जमणार नसेल, तर साताऱ्यातच शांतपणे रात्रीचे जेवण उरकून नऊनंतर निघावे.