गॅसवर चालणारे कोड कुलूप बसवताना या चुका टाळा

कीपॅडवर कोड बरोबर पडला की सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर चालणारी झडप) उघडतो आणि नायट्रोजनचा दाब पिस्टनमार्फत पोलादी दाराचे बोल्ट मागे ओढतो. काम एवढेच, पण नवशिक्यांचा सगळा जीव कीपॅडमध्ये अडकलेला असतो आणि गॅसच्या जोडणीकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका गोदामातून मे महिन्यातल्या सोमवारी सकाळी मला फोन आला, की कोड स्वीकारला जातो, पण दार उघडत नाही. जाऊन पाहतो तर भिंतीलगतच्या जाळीतल्या सिलिंडरचा काटा शून्यावर होता. ‘‘भाऊ, गुरुवारीच तर बदललं,’’ चौकीदार काकुळतीने म्हणाला. सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्या जोडावर कोणीतरी टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे मारून ठेवले होते. तिथे गॅस आट्यांनी नव्हे, तर बैठकीवर बैठक, म्हणजे दोन्ही तोंडांचे घट्ट जुळणारे पृष्ठभाग, दाबली जाऊन अडतो. टेपमुळे नट पूर्ण बसलाच नव्हता. दाब गेल्यावर दार बंदच राहणे हे अशा कुलपाचे योग्यच वर्तन आहे, म्हणून मी आणीबाणीची किल्ली मागितली. ती आत खिळ्याला लटकत होती आणि भरलेले जादा सिलिंडरही आतच होते! हिंगण्याहून दुसरे सिलिंडर येईपर्यंत तीन तास ट्रक रांगेत उभे होते.

सिलिंडर बदलल्यावर मी प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावतो, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून काट्याची जागा खडूने टिपतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहतो. तेवढा वेळ ज्याला नाही, त्याने हे काम घेऊ नये. साधा हिशेब असा, की ५० मिलिमीटर व्यासाच्या आणि १५० मिलिमीटर सरकणाऱ्या पिस्टनला ६ बार दाबावर एका उघडझापीत सुमारे चार लिटर गॅस लागतो. ७ घनमीटरचे सिलिंडर दीड हजारांहून अधिक वेळा पुरायला हवे. चार दिवसांत ते संपत असेल, तर पुरवठादाराशी भांडण्याआधी जोड तपासावेत.

मात्र ही तपासणी सावलीत करावी. १५ अंशांना १५० बार दाखवणारे सिलिंडर ४५ अंशांना १६५च्या आसपास दाखवते. दुपारी ‘जास्त गॅस दिला’ म्हणून खूश होणारेच पहाटे ‘गळती आहे’ म्हणून फोन करतात. उन्हाच्या धाकाने सिलिंडर चौकीदाराच्या बंद खोलीत नेणे तर त्याहून वाईट, कारण नायट्रोजनला वास नाही आणि गळती झाल्यास खोलीतला प्राणवायू कमी होत असल्याचे कळतही नाही. हवेशीर शेडच हवी.

कोडबद्दल एकच सांगतो. सहा आकड्यांच्या कोडला दहा लाख पर्याय असतात, तरी मला ४४०००१ हा नागपूरचा पिनकोड दोनदा सापडला आहे. दुसऱ्या ठिकाणी तर तो विचारावाही लागला नाही. कीपॅडवर फक्त ०, १ आणि ४ याच कळा घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

बोल्ट झटकन सरकावेत म्हणून ६ बारचा दाब ८ वर नेऊ नये. सील लवकर जातात. नायट्रोजनऐवजी कॉम्प्रेसरची हवा वापरायची असेल, तर पावसाळ्यात फिल्टरमधले पाणी रोज काढावे. ऑक्सिजनचे सिलिंडर ‘तात्पुरते’ म्हणूनही जोडू नये. तेल-ग्रीस लागलेल्या व्हॉल्व्हमध्ये तो भडका उडवू शकतो. आणि दाराच्या आतल्या बाजूला, गॅस नसतानाही हाताने फिरेल अशी मूठ नसेल, तर मी काम ताब्यात देत नाही.