शौर्याची नाणी: जमवताना काय पाहावं

सैनिकी इतिहासावरची भारतीय नाणी दोन प्रकारची. काही व्यवहारात येतात: 1965 च्या युद्धाच्या सुवर्णमहोत्सवाचं, अमर जवान असलेलं पाच रुपयांचं नाणं (2015) किंवा छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं (1999). काही फक्त संग्राहकांसाठी. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवल्याच्या 75 वर्षांनिमित्त 2018 मध्ये निघालेलं 75 रुपयांचं नाणं त्यातलं. हे ‘सुट्ट्या पैशांत मिळालं’ असं कोणी सांगितलं तर तिथूनच निघा.

सुरुवात पहिल्या प्रकारापासून करा. किराणा दुकानदाराला सांगून ठेवलं तर गल्ल्यातली मोड चाळू देतो. गुळगुळीत झालेल्या पाचच्या नाण्याला पाच रुपयेच मोजा, जास्तीचे पैसे फक्त कोऱ्या नाण्याला. सालाखालची टांकसाळीची खूण भिंगातून पाहा: पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, तारा हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

विकत घेताना 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्यास मोजायला व्हर्निअर आणि चुंबक जवळ हवं. अकरा कडांचं शिवाजी महाराजांचं नाणं 6 ग्रॅम, 26 मिमी. 1965 चं पाच रुपयेही 6 ग्रॅमच, पण 23 मिमी. दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. 75 चं नाणं 35 ग्रॅम, 44 मिमी, त्यात निम्मी चांदी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने तेवढ्या चांदीची किंमत काढूनच घासाघीस करा. रंगवलेली किंवा सोनेरी मुलामा दिलेली व्यवहारातली नाणी टांकसाळीने तशी काढलेली नसून कुणाच्या तरी कारागिरीची असतात. सोडून द्या.

प्रूफ नाण्याचं, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत घडवलेल्या नाण्याचं, आरशासारखं पृष्ठ बोटाच्या एका ठशानेही कायमचं डागतं, म्हणून धरायचं कडेनेच आणि खाली मऊ कापड ठेवून. चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. चमक येते खरी, पण किंमत जाते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात दोन-तीन पावसाळ्यांत हिरवट चिकटा धरतो. तो शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून निघतो, पण घासायचं नाही, आणि खिडकी उघडी ठेवून, आगीपासून दूर. त्यापेक्षा मायलरची (पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ कागदाची) खिडकी असलेली पुठ्ठ्याची होल्डर घ्या. स्टेपल मारल्यावर पिनेची टोकं पक्कडीने दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा उमटतो. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि जूनच्या आधी बदला.

नवी प्रूफ नाणी थेट सरकारी टांकसाळीच्या संकेतस्थळावर मागवता येतात. बिल आणि मूळ पेटी जपून ठेवा, पुढे विकताना उपयोगी पडतात. तुमच्या पाचच्या नाण्याचे लाखो देतो, आधी ‘कमिशन’ भरा, असं रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोणी म्हणालं तर ती फसवणूक. बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच तसं जाहीर केलं आहे.